कलम कोणतं लावलंय?

आसनगावहून सकाळी सुटणाऱ्या आमच्या डब्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गाडी वेळेवर आहे का, वासिंद-खडवलीकडे रुळांवर पाणी आलंय का, खिडकीची जागा कुणी धरलीय, एवढ्याच कामासाठी तो काढला होता. मध्यंतरी एका पहाटे त्यात लांबलचक मजकूर येऊन पडला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे किमान पाच हात फिरून आलेला. अमुक गावात अमक्या लोकांनी आपल्या देवळाचं असं केलं, हिंदूंनो आता तरी जागे व्हा, पाच ग्रुपवर टाका. गावाचा तालुका नाही, घटनेची तारीख नाही. शहापूरच्या एका पोराने त्याखाली टोमणा मारला आणि तो थेट एका मोठ्या नेत्याच्या नावावर गेला. टिटवाळा येईपर्यंत "स्क्रीनशॉट काढलाय, केस होईल" इथपर्यंत मजल गेली आणि कल्याणला उतरता उतरता अ‍ॅडमिनने ग्रुपला कुलूप घातलं.

संध्याकाळी परतीच्या गाडीत तो पोरगा दाराशी माझ्या शेजारी उभा होता. "काका, केस होईल म्हणजे नक्की काय होतं हो?" आसनगाव येईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

सुरुवात विलेपार्ल्यापासून करावी लागते. डिसेंबर १९८७ मध्ये तिथे विधानसभेची पोटनिवडणूक झाली. डॉ. रमेश प्रभू शिवसेनेच्या पाठिंब्यावर उभे होते आणि बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांच्यासाठी सभा घेतल्या. प्रभू जिंकले. हरलेले काँग्रेसचे प्रभाकर कुंटे उच्च न्यायालयात गेले. धर्माच्या नावावर मतं मागितली, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे, असं त्यांचं म्हणणं. १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुढे १९९९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने बाळासाहेबांचा मताचा हक्क काढून घेतला गेला. सहा वर्षांची मुदत १९९५ पासूनच मोजली गेली, म्हणून ती डिसेंबर २००१ मध्ये संपली.

गंमत अशी की त्याच दिवशी त्याच खंडपीठाने, महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल असं भाषणात म्हणणाऱ्या मनोहर जोशींची निवडणूक मात्र वैध ठरवली. ते मुख्यमंत्री होते तेव्हा. अमक्याला मत द्या कारण तो हिंदू आहे, हे म्हणणं वेगळं आणि एखादी आशा बोलून दाखवणं वेगळं, असा तो भेद.

निकाल पटो न पटो, त्या खटल्यात एक गोष्ट स्पष्ट होती. बोलणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. मंच होता, माइक होता, तारीख होती, समोर हजारो लोक होते. आपला बोलण्यावरचा सगळा कायदा अशा माइकवाल्या माणसासाठी बेतलेला आहे. तो लावायला माइकवाला सापडावा लागतो. आमच्या डब्यातल्या त्या मजकुराचा माइकवाला कोण, ते मात्र कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून कायदा जो हाती लागेल त्याला धरतो.

आता तो मजकूर आपल्यापर्यंत पोचतो कसा ते पाहू. संघटना बांधण्यात उजवे पक्ष महाराष्ट्रात पहिल्यापासून चिवट. शिवसेनेकडे १९६० मध्ये निघालेलं 'मार्मिक' होतं आणि १९८८ पासून 'सामना', पण गावपातळीवरचं खरं माध्यम म्हणजे शाखेबाहेरचा फळा. शाखाप्रमुख खडूने चार ओळी लिहायचा, नाक्यावरचा प्रत्येक माणूस त्या वाचायचा आणि कुणी लिहिल्या हे सगळ्या नाक्याला माहीत असायचं. भाजपची उतरंड अधिक आखीव: जिल्हा, मंडल, शक्तिकेंद्र, बूथ आणि शेवटी पन्नाप्रमुख, म्हणजे मतदारयादीच्या एका पानाचा कारभारी. त्याच्या वाट्याला तीसेक नावं. पूर्वी तो घरोघर जायचा, आता आधी मोबाइल नंबर घेतो.

या उतरंडीतून खाली येतं ते बहुतेक वेळा अगदी साधं असतं. सणाच्या शुभेच्छा, नेत्याचा वाढदिवस, योजनेच्या अर्जाची शेवटची तारीख. जळजळीत मजकूर पक्षाच्या नावाने सहसा येत नाही. तो येतो कुठल्यातरी 'जागृत' नावाच्या ग्रुपवरून, बिनसहीचा. आणि आपण ग्रुप सोडत नाही, कारण त्याच ग्रुपवर टँकर कधी येणार ते कळतं. भातसा आणि तानसा आमच्या उशाशी, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट. त्या टँकरच्या वेळेला चिकटूनच राजकारण घरात शिरतं. डाव्या-पुरोगामी मंडळींना हे अजून जमलेलं नाही. ते निबंध पाठवतात.

बिनसहीच्या मजकुराने काय होऊ शकतं, हे आपल्याला पुरेसं ठाऊक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणी जाण्याची. पण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण जातात, मर्यादाही जाते. त्याच एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात चोर आल्याच्या अफवेने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. लगेच त्या हत्येला धार्मिक रंग देणारे मेसेज सुटले. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असं सांगावं लागलं. एका अफवेने माणसं मारली आणि त्या मरणावर दुसरी अफवा उभी राहिली. तेव्हा ऑनलाइन बोलण्याला काहीच लगाम नको, असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण लगाम कुणाच्या हातात आणि कुणाच्या तोंडात? हे कळायला आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट पुरते. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधी ते ठाण्यातच होतं आणि शहापूर-मुरबाडसारखंच ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार, मुंबई बंद. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज जातात, त्यासाठी बंद कशाला. हा बंद आदरातून नाही, भीतीतून आहे. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. स्थानिक शिवसैनिकांनी तक्रार दिली, जमावाने मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला आणि १९ तारखेला पोलिसांनी दोघींना अटक केली. प्रत्येकी १५,००० रुपयांच्या बंधपत्रावर त्या सुटल्या.

लाइक करणाऱ्या मुलीने ती पोस्ट लिहिलेली नव्हती. तरी अटक तिलाही झाली.

इथे एक तपशील नजरेतून सुटतो. तक्रार करणारे शिवसेनेचे असले तरी अटक करणारं सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं; मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण, गृहमंत्री आर. आर. पाटील. लावलेलं कलम, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ, हेही काँग्रेसच्याच केंद्र सरकारने २००८ च्या दुरुस्तीत आणलेलं. संगणक किंवा फोनवरून 'घोर आक्षेपार्ह' किंवा त्रास, गैरसोय, अपमान होईल असं काही पाठवलं तर तीन वर्षं. गैरसोय! आसनगाव लोकल उशिरा आल्याचा मेसेजही त्यात बसला असता. गदारोळ झाल्यावर ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे निरीक्षक निलंबित झाले, दंडाधिकाऱ्यांची बदली झाली आणि मुलींवरचा गुन्हा बंद करण्यात आला. याच अटकेवरून श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी ६६ अ संपूर्ण रद्द केलं. मत मांडणं, त्याचा आग्रह धरणं आणि चिथावणी देणं या तीन पायऱ्या त्यांनी वेगळ्या केल्या. तिसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत सरकारला हात घालता येत नाही.

या दरम्यान भाजपची भूमिका कशी फिरली ते पाहण्याजोगं आहे. मे २०१२ मध्ये राज्यसभेत इंटरनेट कंपन्यांवरच्या २०११ च्या नियमांविरुद्ध मार्क्सवादी खासदाराने ठराव आणला, तेव्हा विरोधी पक्षनेते अरुण जेटली त्याच्या बाजूने बोलले. दोन वर्षांनी सत्ता आली आणि त्यांच्याच सरकारच्या वकिलांनी न्यायालयात ६६ अ टिकवायचा प्रयत्न केला. पुढे २०२१ चे कडक नियमही याच सरकारचे. मे २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या काळात ठाणे पोलिसांनी अभिनेत्री केतकी चितळेला शरद पवारांवरची, दुसऱ्याच्या नावाने फिरणारी कविता शेअर केली म्हणून अटक केली. ती चाळीसेक दिवस तुरुंगात होती आणि तेवढे दिवस उजव्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य प्राणप्रिय होतं. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराने एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन म्हटलं तेव्हा शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी खारचा स्टुडिओ फोडला, कामरावर गुन्हा दाखल झाला आणि आता स्वातंत्र्य पुरोगाम्यांना आठवलं. या खेळात कुणाचेच हात स्वच्छ नाहीत. तरी राज्य आणि केंद्र दोन्ही ज्याच्या हाती, त्याच्या मळक्या हातांकडे आधी बघावं, असं माझं मत.

६६ अ गेलं, मग आता 'केस होईल' म्हणजे कुठलं कलम? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे आकडे बदललेत. दोन गटांत वैर पेटवणं, पूर्वीचं १५३ अ, आता १९६. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं, पूर्वीचं २९५ अ, आता २९९. अफवा किंवा द्वेष पसरवणारं विधान, पूर्वीचं ५०५, आता ३५३. नेहमीच्या प्रकरणांत या तिन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बदनामी ३५६ मध्ये जाते आणि ती अदखलपात्र, म्हणजे नेत्याला कुणी चोर म्हटलं म्हणून पोलिसांना परस्पर गुन्हा नोंदवता येत नाही. ठाण्यात फार तर एनसी घेतील आणि ज्याची बदनामी झाली त्याने न्यायालयात जावं. आमच्या डब्यातल्या पोराचा टोमणा फारच ओढूनताणून इथे बसेल. मूळ फॉरवर्ड मात्र १९६ च्या उंबऱ्यावर आहे आणि तो टाकणारा गृहस्थ केसची धमकी देणाऱ्यांत सर्वांत पुढे होता! याशिवाय सण-निवडणुकीच्या तोंडावर जिल्हाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, मनाई आदेश काढतात. त्यात आक्षेपार्ह पोस्टचा उल्लेख असू शकतो. असा आदेश साधारणपणे दोन महिनेच टिकतो.

गुन्हा नोंदवण्याआधी एक पायरी आहे, ती फारशा कुणाला माहीत नाही. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) प्रमाणे पोलीस चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. परवानगी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची लागते. आपल्याकडे ते शहापूरला उपविभागीय कार्यालयात बसतात. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले काँग्रेसचे इम्रान प्रतापगढी यांच्यावर जामनगरला एका कवितेवरून गुन्हा झाला होता. तो रद्द करताना २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत ही चौकशी आधी करणंच योग्य. आणि शब्द तोलायचे ते खंबीर, समंजस माणसाच्या काट्यावर. प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या नव्हे. हा काटा मूळचा आपलाच, स्वातंत्र्याच्या तोंडावर नागपूर उच्च न्यायालयात न्या. विव्हियन बोस यांनी वापरलेला.

त्याआधी वर्षभर, ७ मार्च २०२४ ला, न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या याच खंडपीठाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावरचा गुन्हा रद्द केला. त्याने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ३७० कलम हटवल्याचा दिवस काळा दिवस म्हटला होता आणि पाकिस्तानला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. हातकणंगले पोलिसांनी १५३ अ लावलं, मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आलीय असं सुनावलं. निकाल उत्तम, पण मधल्या काळात हा माणूस आरोपी म्हणूनच वावरत होता.

अ‍ॅडमिनचं काय? आमचा अ‍ॅडमिन घाबरला तो उगाच. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही. दोघांचा समान हेतू होता हे दाखवावं लागेल. अ‍ॅडमिन माणसं घेऊ किंवा काढू शकतो, मजकूर आधी तपासू शकत नाही, हे त्यामागचं एक कारण. दुसऱ्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला इतरांचा मेसेज पुसायचं बटण दिलं. त्या बटणामुळे निकालाचा पाया हलतो का, हा प्रश्न कुणीतरी वकील काढेलच.

माइकवाला शोधायचा प्रयत्न सरकारनेही केला. २०२१ च्या नियमांत तरतूद आहे की गंभीर गुन्ह्यांत मेसेज मुळात कुणी सोडला ते कंपनीने सांगावं. व्हॉट्सअ‍ॅप म्हणतं, त्यासाठी सगळ्यांच्याच मेसेजचं कुलूप तोडावं लागेल. दिल्ली उच्च न्यायालयात ते त्याविरुद्ध गेलं. मजकूर काढून टाकायच्या वाटा वेगळ्या आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली केंद्र सरकार पान बंद करवतं आणि ती प्रक्रिया गोपनीय असते. कलम ७९ खाली सांगूनही मजकूर न काढणाऱ्या कंपनीचं कायदेशीर संरक्षण जातं. सरकारविषयीची बातमी खरी की खोटी हे सरकारनेच ठरवायचं, असा सत्यशोधन कक्षही २०२३ च्या दुरुस्तीत होता. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचं एकमत झालं नाही, प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं आणि न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. याचिकाकर्त्यांत तोच कुणाल कामरा होता.

निवडणुकीत आणखी एक थर चढतो. उमेदवाराला आपली सोशल मीडिया खाती प्रतिज्ञापत्रात लिहावी लागतात, पैसे देऊन केलेली जाहिरात जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि खर्च हिशेबात धरला जातो. स्वतःच्या खात्यावर फुकट टाकलेल्या मजकुराला मंजुरी लागत नाही, म्हणून खरी लढाई तिथेच होते. मे २०२४ मध्ये कर्नाटक भाजपने मुसलमानांच्या आरक्षणावर एक चित्रफीत टाकली, ४ तारखेला. ती काढायचा निवडणूक आयोगाचा आदेश 'एक्स'ला गेला ७ तारखेला. ७ तारखेलाच कर्नाटकातलं शेवटचं मतदान होतं.

म्हणजे माइकवाला सापडत नाही. सापडला, तर मतपेट्या सीलबंद झाल्यावर. राहतो तो आमच्या डब्यातला पोरगा. त्याला मी पुढचं सांगितलं. पोलीस ठाण्यातून फोन आला तर आधी विचार, कलम कोणतं लावलंय? ६६ अ म्हणाले, तर ते २०१५ सालीच मेलंय. ते लावू नका असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलंय. १९६, २९९, ३५३ असेल तर शिक्षा सात वर्षांच्या आतली, त्यामुळे सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची लेखी नोटीस द्यायची असते. नोटिशीप्रमाणे हजर राहिलास तर विशेष कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. न्यायालयाने या गुन्ह्यांची दखल घेण्याआधी सरकारची मंजुरीही लागते.

"मग घाबरायचं कशाला?" तो म्हणाला.

फोनसाठी. तपासाला म्हणून फोन घेतात. जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, पंचनाम्याची प्रत मागून घ्यायची, हे नवा कायदा सांगतो. पण त्यानंतर तो फोन लखोट्यात जातो, लखोट्याला लाख लागते, त्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि पंचांच्या सह्या, आणि तो मुद्देमाल खोलीत जाऊन बसतो. मग तपासणीसाठी प्रयोगशाळेत. परत हवा असेल तर शहापूरच्या कोर्टात अर्ज, वकील, तारीख. तोवर गूगल पे बंद, बँकेचा ओटीपी बंद, कंपनीची हजेरी ज्या अ‍ॅपवर लागते ते बंद, रेल्वेचा मोबाइल पास बंद.

पोराने खिशातला फोन चाचपला. हप्त्यावर घेतलेला होता, अजून सात हप्ते बाकी होते.